लांडगा खरेच समोर आला, तर?

‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट न ऐकलेला मराठी माणूस शोधून सापडायचा नाही. मेंढ्या राखणारा एक पोरगा गंमत म्हणून ओरडतो, गाव काठ्या घेऊन धावते, पोरगा खो खो हसतो; आणि शेवटी लांडगा खरोखरच येतो तेव्हा कुणीही फिरकत नाही. गोष्टीचे तात्पर्य आपण पाठ केले, परीक्षेत लिहिले आणि पुढे आपल्या मुलांनाही ऐकवले. पण या गोष्टीत एक जागा कोरीच राहिली आहे. आधीच्या खेपांना धावत आलेल्या गावकऱ्यांना लांडगा खरेच समोर दिसला असता, तर त्यांनी काय केले असते? काठी उगारली असती, की धूम ठोकली असती? घेरून मारला असता, की वाट दिली असती? गोष्ट त्याबद्दल गप्प आहे.

नाशिक जिल्ह्याच्या पूर्व भागात हा प्रश्न गोष्टीपुरता नाही. नाशिक म्हटले की बाहेरच्या माणसाला गोदाघाट, द्राक्षे आणि फार तर बिबट्या आठवतो. पण हा जिल्हा म्हणजे एकाच नावाखाली नांदणारे दोन मुलूख आहेत. पश्चिमेला इगतपुरी, त्र्यंबक, पेठ, सुरगाणा. तिथे पावसाळ्यात आभाळ फाटते. इगतपुरीला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पूर्वेला येवला, नांदगाव, मालेगाव, चांदवड आणि दक्षिणेला सिन्नरचा कोरडा भाग. इथे पाच-सहाशे मिलिमीटर पडला तरी लोक समाधान मानतात. पश्चिमेकडे डोंगर आणि झाडी, पूर्वेकडे खडकाळ माळ, कुसळी गवत, बाभळी आणि मधूनमधून कांद्याची शेते. लांडगा हा या दुसऱ्या मुलखाचा रहिवासी आहे. त्याला दाट जंगल मानवत नाही. लांबवर नजर जाईल असा उघडा माळ, पळायला जागा आणि बीळ करायला एखादी घळ किंवा ओढ्याचा काठ एवढे त्याला पुरते.

येवला तालुक्यातल्या ममदापूर-राजापूरच्या माळावर काळविटांचे कळप आहेत आणि त्यांच्यासाठी तिथे संवर्धन राखीव क्षेत्रही झाले आहे. काळवीट जिथे, तिथे लांडगा, हे दख्खनच्या पठारावरचे जुने गणित. सोलापूरजवळचे नान्नज, अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यातले रेहेकुरी ही अशाच माळरानांची आणखी दोन ठिकाणे. पण लांडगा अभयारण्याच्या पाटीपाशी थांबत नाही. महाराष्ट्राच्या कोरड्या पट्ट्यात काही वर्षांपूर्वी झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत असे दिसले, की या पट्ट्याच्या निम्म्याहून बऱ्याच अधिक भागात लांडग्याचा वावर आहे. म्हणजे शेते, गायराने, वस्त्या, रस्ते यांच्यामधूनच तो राहतो. तो आपला शेजारी आहे. फक्त त्याची वेळ वेगळी आणि आपली वेळ वेगळी.

या वेळा कधीकधी एकमेकींवर येतात. शेतीपंपाची वीज रात्रीची असली की कांद्याला पाणी धरायला माणूस मध्यरात्री एकटा बांधावर जातो. पहाटे डेअरीला दूध घालायला मोटारसायकल निघते. उन्हाळ्यात माळावरची पाण्याची टाकी माणसाची, गुरांची आणि जनावरांचीही तीच असते. बॅटरीच्या झोतात दोन डोळे चमकतात. कुत्रा म्हणावा, तर तो भुंकत नाही. शेपूट हलवत नाही. पळतही नाही. जरा दूर जाऊन थांबतो आणि वळून पाहतो. अंगावर काटा येतो तो नेमका याच क्षणी.

हा लांडगाच हे ओळखायचे कसे, ते आधी पाहू. कारण अलीकडे शेळी मेली की नाव बिबट्याचे आणि सावली दिसली तरी नाव बिबट्याचे, असा रिवाज पडला आहे. लांडगा उंचीने मोठ्या गावठी कुत्र्याएवढा, पण पाय लांब आणि छाती अरुंद. वजन वीस किलोच्या आसपास. म्हणजे आपण मनात जो अक्राळविक्राळ लांडगा रंगवतो तो विलायती चित्रपटातला, बर्फातला; आपला लांडगा त्याच्या निम्म्याने. अंगावर पिवळट-करडे आखूड केस, पाठीवर काळसर झाक, डोळे पिवळे. कुत्र्याची शेपटी बहुधा वर वळलेली असते, लांडग्याची सरळ खाली लोंबते. चालताना डोके खांद्याच्या रेषेत आणि चाल कशी, तर कुठेतरी वेळेवर पोचायचे असल्यासारखी, सरळ. कोल्हा त्याच्या निम्म्या वजनाचा. खोकड त्याहून लहान. तरसाच्या अंगावर पट्टे, मानेवर आयाळ आणि मागचा भाग उतरता. एकदा हा फरक डोळ्यात बसला की चूक होत नाही.

आता मुख्य प्रश्न. समोर आला तर काय करायचे?

उत्तर अगदी साधे आहे, आणि साधे असल्यामुळेच ऐनवेळी सुचत नाही. पळायचे नाही. पाठ दाखवायची नाही. उभे राहायचे, त्याच्याकडे तोंड ठेवायचे, हात किंवा काठी वर करायची आणि मोठ्याने ओरडायचे. सोबत लहान मूल असेल तर त्याला आधी उचलून घ्यायचे. मग तोंड त्याच्याकडेच ठेवून सावकाश मागे सरायचे आणि त्याला जायला वाट मोकळी ठेवायची. सहसा तुमचे ओरडून व्हायच्या आत तो निघालेला असतो. माणूस दोन पायांवर उभा असतो, त्याच्या हातात काठी असते, त्याच्याबरोबर कुत्री असतात, हे लांडग्याच्या शेकडो पिढ्यांना ठाऊक आहे. त्याला तुमच्याशी काही घेणेदेणे नसते. त्याचे लक्ष तुमच्या मागच्या शेळ्यांवर असते.

हे झाले पुस्तकी उत्तर. पुस्तकाच्या कितीतरी आधीपासून हे उत्तर ज्याला माहीत आहे तो माणूस म्हणजे धनगर. माळावरचा लांडगा आणि माळावरचा मेंढका यांची ओळख शेकडो वर्षांची. पावसाळ्यात माळ हिरवा असतो तोवर वाडा माळावर. दिवाळी झाली, गवत वाळले की बिऱ्हाड घोड्यावर लादून पाण्याच्या आणि चाऱ्याच्या दिशेने निघायचे, कुणी कोकणात उतरायचे. वाटेत शेतकऱ्यांच्या रानात मेंढरे बसवायची; त्याला लेंडीखत मिळते, याला धान्य आणि चार पैसे. या सगळ्या वाटेवर लांडगा आगेमागे असतोच. त्यामुळे लांडगा दिसणे ही धनगराच्या दृष्टीने बातमी नाही. कोणत्या बाजूने आला, एकटा की जोडीने, आणि रात्री वाऱ्याची दिशा कुठली, एवढेच त्याला बघायचे असते.

संध्याकाळ झाली की वाघूर लागते. वाघूर म्हणजे जाळीचे कुंपण; खुंट्या ठोकून ते गोल ताणायचे आणि खांड आत घ्यायची. नवी कोकरे आईपासून वेगळी काढून डालग्याखाली झाकायची. कुत्री बाहेर, चार दिशांना. घरातली माणसे वाघरीला लागूनच अंथरुणे टाकतात. घोंगडी पांघरून, काठी उशाला, बॅटरी हाताशी. झोप असते, पण ती मेंढपाळाची झोप. कुत्र्याच्या भुंकण्यात फरक पडला की डोळा उघडतो, कारण गावातल्या कुत्र्यावर भुंकणे वेगळे आणि लांडग्यावर भुंकणे वेगळे. मग हाळी उठते. एका वाड्याने हाळी दिली की शेजारच्या वाड्यावर बॅटऱ्या लागतात. गोफण फिरते, दगड सणसणत जातो. तो लांडग्याला लागावा अशी अपेक्षा नसते. आम्ही जागे आहोत, एवढा निरोप त्याच्यापर्यंत पोचला की काम झाले.

लांडगाही काही कमी नाही. मेंढपाळ हमखास सांगतात तो डाव असा, की जोडीतला एक समोर येऊन कुत्र्यांना झुलवत दूर नेतो आणि दुसरा मागच्या बाजूने कोकरू उचलतो. आणि त्याहून वाईट म्हणजे वाघरीच्या आत शिरला तर एकावर थांबत नाही. कोंडलेल्या मेंढ्या घाबरून एकमेकींवर पडतात, पळापळ होते आणि त्या गोंधळात तो चार-पाच मेंढ्या फाडून जातो. खाणार एक आणि मारणार पाच. मराठीत ‘लांडगेतोड’ हा शब्द असाच कुठेतरी जन्माला आला असावा. ज्याची उभी खांड अशी एका रात्रीत पातळ झाली आहे त्याच्यापुढे निसर्गाच्या समतोलावर व्याख्यान देण्याची हिंमत प्रस्तुत लेखकाला तरी नाही.

आणि तरीही अनेक धनगर लांडग्याचा समूळ नाश व्हावा असे म्हणत नाहीत. लांडग्याचा खांडीत वाटा असतोच, ही समजूत महाराष्ट्रातल्या मेंढपाळांत बरीच जुनी आहे. ती भाबडी वाटते, पण तिच्यात हिशेब आहे. वर्षाला आजाराने किती जातात, अवकाळी पावसाने किती, चोरीने किती आणि लांडग्याने किती, हे मेंढका बोटांवर मोजतो. यातल्या पहिल्या तिघांना काठी दाखवता येत नाही, लांडग्याला येते. शत्रू म्हणून तो त्यातल्या त्यात सरळ.

याउलट ज्यांचा लांडग्याशी संबंध तुटला ती माणसे अधिक घाबरतात. माळाच्या कडेला प्लॉट पाडून बांधलेल्या वस्तीतली, फार्महाऊसवर शनिवार-रविवार काढणारी, शाळेपासून पुढे शहरात गेलेली आणि सणाला परतणारी. त्यांच्याकडे लांडगा येतो तो मोबाइलवरच्या चित्रफितीतून. कुठल्या तरी दूरच्या राज्यातली जुनी फीत ‘आपल्या गावात’ म्हणून फिरते आणि रात्री गस्त सुरू होते. अफवेचे हत्यार काय करू शकते हे उत्तर महाराष्ट्राला वेगळे सांगायला नको. १ जुलै २०१८ रोजी शेजारच्या धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, मुले पळवणारे समजून भिक्षा मागायला आलेल्या पाच निरपराध माणसांचा जमावाने जीव घेतला. तिथे जनावराचा काही संबंध नव्हता. पण भेदरलेला जमाव समोर काय आहे ते पाहत नाही, आपल्या मनात काय आहे तेच पाहतो.

जनावराच्या बाबतीत जमाव काय करतो तेही नाशिककरांनी पाहिले आहे. जानेवारी २०१९ मध्ये गंगापूर रोडच्या सावरकरनगरात बिबट्या शिरला. बघ्यांची गर्दी लोटली, पकडणाऱ्यांना हलायला जागा राहिली नाही आणि बिथरलेल्या जनावराने गर्दीतल्या काही जणांना जखमी केले. एकटा माणूस आणि एकटे जनावर यांची भेट बहुतेक वेळा दोघेही बाजूला होऊन संपते. दोनशे माणसे आणि एक जनावर यांची भेट तशी संपत नाही. कारण त्याला वाटच उरत नाही. लांडगा वस्तीजवळ दिसला तर पहिले काम पोरांना घरात घेणे आणि दुसरे गर्दी न होऊ देणे. वनखात्याचा १९२६ हा फोन क्रमांक राज्यभर चालतो. तो तिसरे काम. फोटो काढण्याचे काम यादीत नाही.

आता याची दुसरी बाजू. लांडगा माणसाच्या वाटेला कधीच जात नाही, असे काही उत्साही प्राणिमित्र सांगतात. ते खरे नाही आणि तसे सांगून लांडग्याचे भले होत नाही. १९९६ साली उत्तर प्रदेशात प्रतापगड, सुलतानपूर, जौनपूर या जिल्ह्यांत लांडग्यांनी लहान मुले उचलली. मृत मुलांची संख्या पन्नासच्या आसपास गेली. तिथेही अफवा उठलीच. लांडग्याचे रूप घेतलेली माणसे फिरत आहेत असे लोक मानू लागले आणि परक्या वाटसरूंना मार बसला. २०२४ च्या पावसाळ्यात त्याच राज्यात बहराइच जिल्ह्यातल्या महसी भागात पुन्हा मुले दगावली.

असे तिथे झाले आणि आपल्या माळांवर सहसा होत नाही, याचे कारण काय? भारतीय वन्यजीव संस्थेच्या अभ्यासकांनी १९९६ च्या घटनांचा माग काढला तेव्हा पुढे आलेली गोष्ट अंगावर येणारी होती. त्या भागात लांडग्याला रानातले भक्ष्य जवळजवळ उरले नव्हते. शेळ्या-मेंढ्या थोड्या, आणि ज्या होत्या त्यांची राखण चोख, कारण ती घराची पुंजी. त्या मानाने मुले उघड्यावर. दार नसलेली घरे, अंगणात झोपलेली किंवा एकटीच शौचाला गेलेली लेकरे. आपल्याकडे माळावर मेंढरांची खांड फिरते, काळवीट आहे, ससा आहे, उंदीर-घुशी आहेत. लांडग्याचे पोट भरते आणि तो माणसापासून लांब राहतो.

पण म्हणून निर्धास्त राहावे, असे नाही. निफाड-सिन्नरकडे ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की फडाच्या कडेला कोप्या उभ्या राहतात. कोपीला दार नसते. आईबाप पहाटे अंधारात फडात जातात आणि मागे उरतात ती पाच-सहा वर्षांची भावंडे, तान्ह्याला सांभाळणारी. आज तिथे भीती बिबट्याची आहे. पण जनावर कोणतेही असो, ज्याला दार नाही ते मूल सर्वांत आधी त्याच्या वाटेत येते. कोपीला पत्र्याचे एक दार आणि एक दिवा, इतका खर्च कारखान्यांना आणि मुकादमांना जड जाऊ नये.

ज्याला खरोखर भ्यायचे तो लांडगा वेगळाच असतो. पिसाळलेला. तो एकटा असतो, दिवसाढवळ्या गावात शिरतो, झोकांड्या देतो, तोंडातून लाळ गळते आणि गुरे, कुत्री, माणसे जे समोर येईल त्याला चावत सुटतो. त्याला पाहून ओरडण्यात अर्थ नाही; ओरडून जाणारा तो नव्हेच. घरात शिरून दार लावायचे आणि वनखात्याला, पोलिसांना कळवायचे. चावा बसलाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवायची, घड्याळ लावून. चुना, हळद, मिरची यांतले काहीही भरायचे नाही. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठायचा. लस तर हवीच, आणि खोल जखमेत भरण्याचे वेगळे इंजेक्शनही हवे, ते तालुक्याला नसेल तर जिल्ह्याला जायचे. पिसाळ एकदा अंगात भिनली की त्यावर उपाय नाही. हा रोग लांडग्याला लागतो तो बहुतेक वेळा गावातल्या मोकाट कुत्र्यांकडून, हेही लक्षात ठेवण्यासारखे. शिळे अन्न, कोंबड्यांची घाण माळाच्या कडेला नेऊन टाकायची, त्यावर कुत्र्यांच्या टोळ्या पोसायच्या आणि मग लांडगा पिसाळला म्हणून कपाळाला हात लावायचा, असे चालले आहे.

लांडग्याच्या वाट्याला आपल्याकडून जे गेले तेही थोडके नाही. इंग्रजांच्या अमदानीत लांडगा मारून आणणाऱ्याला सरकारी इनाम मिळे. इतिहासकार महेश रंगराजन यांनी मांडलेल्या हिशेबाप्रमाणे १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत हिंदुस्थानात सुमारे दोन लाख लांडगे मारले गेले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आता तो वाघाच्याच पंक्तीला, पहिल्या अनुसूचीत आहे. त्याला मारणे हा वाघ मारण्याइतकाच गंभीर गुन्हा आहे. आणि संख्या पाहिली तर वाघापेक्षाही त्याचीच चिंता वाटावी. २०२२ च्या गणनेत देशात वाघांची सरासरी संख्या ३,६८२ निघाली. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात भारतातील प्रौढ लांडग्यांचा अंदाज होता सुमारे ३,१७०. वाघासाठी प्रकल्प आहेत, पर्यटकांच्या जीपगाड्या आहेत, टपाल तिकिटे आहेत. लांडग्यासाठी काय आहे? एक बोधकथा, तीही बदनामीची. २०२१ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याच्या जनुकांचा अभ्यास केला, तेव्हा जगातल्या लांडग्यांच्या सर्वांत प्राचीन शाखांपैकी ही एक आहे असे दिसून आले. सिन्नरच्या माळावरून रात्री पळत जाणारे ते हडकुळे जनावर इतक्या जुन्या घराण्यातले आहे, हे त्याच्याकडे पाहून कुणाला वाटणार नाही.

थंडीत, साधारण डिसेंबरच्या आगेमागे, मादी बिळात विते. चार-पाच पिल्ले. नर आणि टोळीतले बाकीचे मेंबर लांबून शिकार खाऊन येतात आणि पिल्लांपुढे ओकून टाकतात. कुटुंब असे चालते. याच दिवसांत शेत सपाट करताना, ओढ्याकाठी जेसीबी लावताना एखादे बीळ उघडे पडते. पोरे पिल्लांना कुत्र्याची समजून घरी आणतात. असे झाले तर पिल्ले होती तिथेच परत ठेवून लांब व्हावे आणि वनखात्याला कळवावे. आई रात्री येऊन एकेक तोंडात धरून दुसरीकडे हलवते. बिळात धूर करून पिल्ले मारणे किंवा मेलेल्या मेंढीवर कीटकनाशक ओतून ठेवणे हे जुने उपाय अजून अधूनमधून होतात. विष लांडग्यापुरते राहत नाही. त्या मढ्यावर घारी-गिधाडे येतात, खोकड येते, आणि बरेचदा आपलाच राखणीचा कुत्रा सकाळी मरून पडलेला असतो.

या सगळ्यात एक अवघड गोष्ट आहे आणि ती सहसा बोलली जात नाही. लांडगा हरणांची पाडसे खातो, ससे खातो, उंदीर-घुशी खातो. म्हणजे ज्या शेतकऱ्याच्या हरभऱ्यात काळविटांचा कळप शिरतो त्याची तो फुकट राखण करतो. लांडगा वाचला याचा आनंद नाशिक-पुण्या-मुंबईत वर्तमानपत्र वाचणाऱ्या आपल्यासारख्यांना होतो. माळरान जिवंत राहते त्याचे श्रेय सरकारला मिळते. आणि या सगळ्याची किंमत मोजतो तो एकटा मेंढका, कोकरांच्या आणि मेंढ्यांच्या रूपाने. ज्याच्या नावावर बहुधा जमीनही नाही, तो.

शिवाय त्याचा माळ कमी होत चालला आहे. सरकारी कागदावर माळरान म्हणजे ‘पडीक’. पडीक म्हणजे कशालाही द्यायला मोकळे. कुठे कारखान्यांची वसाहत, कुठे सौर पट्ट्यांची शेते, कुठे शेततळी, सिन्नरमधून गेलेला समृद्धी महामार्ग. कधीकधी तर चांगल्या हेतूनेच चर खणून माळभर झाडे लावली जातात. फोटो छान येतो, पण गवत जाते, आणि गवताबरोबर मेंढरू, काळवीट आणि लांडगा तिघांचीही जागा जाते. माळ आकसला की लांडगा आणि खांड अधिक वेळा एकमेकांसमोर येतात. मग संबंध बिघडतात, आणि ते बिघडायला दोघांपैकी एकानेही काही केलेले नसते.

नुकसानभरपाई आहे. कायद्याने आहे. वाघ-बिबट्याबरोबर लांडगा, तरस, कोल्हा यांनी मारलेल्या पाळीव जनावरांचे पैसे सरकार देते. २०२२ च्या शासन निर्णयानुसार शेळी-मेंढीसाठी बाजारभावाच्या पाऊण टक्क्यांपर्यंत नव्हे, चांगल्या पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत, किंवा १५ हजार रुपये, यांतली कमी असेल ती रक्कम मिळू शकते. कागदावर हे वाईट नाही. पण घटना घडल्यापासून ४८ तासांत जवळच्या वन अधिकाऱ्याला कळवायचे, मढे जागेवरून हलवायचे नाही, पंचनामा व्हायचा, पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला लागायचा, मग अर्ज, बँक खाते, आधार. गोठ्यात शेळी मेलेल्या शेतकऱ्याला हे जमते. धनगराला कसे जमावे? लांडगा कोकरू तोंडात धरून गेला; मढेच नाही तर पंचनामा कशाचा? आणि मढे असले तरी खांड थांबवून ठेवता येत नाही. ज्याच्या रानात मुक्काम आहे त्याच्याशी बोली दोन रात्रींची. तिसऱ्या दिवशी दुसऱ्याच्या रानात बसायचे ठरलेले. इथला चारा संपला. तिकडे वाट पाहताहेत. दीडशे मेंढरे उपाशी ठेवून एका मेंढीच्या पैशासाठी कोण थांबेल? तो मढे पुरतो, शिव्या देतो आणि निघतो. त्याची मेंढी सरकारी आकड्यांत कुठेच येत नाही, म्हणून वरच्या कचेरीत वाटते की लांडग्याचा उपद्रव फारसा नाही.

यावर तोडगे अवघड नाहीत. आज बहुतेक वाड्यांवर मोबाइल आहे. ठिकाण आणि वेळ उमटलेला फोटो आणि ज्याच्या रानात घटना घडली त्या शेतकऱ्याची किंवा पोलीस पाटलाची सही, एवढ्यावर प्राथमिक नोंद व्हायला काय हरकत आहे? उरलेले कागद पुढच्या मुक्कामाच्या गावी, तिथल्या वनरक्षकाकडे पुरे करता यावेत. वाडा नाशिकच्या हद्दीतून अहिल्यानगरच्या किंवा ठाण्याच्या हद्दीत गेला म्हणून अर्ज बाद होऊ नये. कोकरू उचलून नेले असेल, मढे नसेल, तर माग, केस, रक्ताचे ठसे पाहून वनरक्षकाला काही ठरवण्याची मुभा असावी. दोन-चार बनावट अर्ज येतील. ते कुठल्या योजनेत येत नाहीत? पक्की जाळी, चांगले दिवे आणि कुत्र्यांना दरवर्षी पिसाळीची लस, हे तर भरपाईहूनही स्वस्त पडते.

मग रात्री हाळी उठेल, बॅटऱ्या लागतील, एखादी मेंढी तरीही जाईल. सकाळी मेंढका रानमालकाला बोलावील, फोटो काढील, मढ्यावर माती लोटील, वाघूर गुंडाळील आणि घोड्यावर बिऱ्हाड लादून ठरल्या वेळी पुढच्या मुक्कामाला निघेल.